रात्रपाळीच्या टाकीत उरलेले विकर : फॉस्फेटेज चाचणीचे एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या दूध प्रकल्पात गुणनियंत्रण विभागाची जबाबदारी माझ्याकडे असताना, मे महिन्यातल्या एका सोमवारी रात्री साडेदहाच्या सुमारास प्रयोगशाळेतून फोन आला. रात्रपाळीच्या केमिस्टने सांगितले, "सर, तीन नंबरच्या टाकीचं फॉस्फेटेज दहाच्या वर दिसतंय, पण ब्लँकसुद्धा जरा पिवळाच आहे." (ब्लँक म्हणजे तुलनेसाठी शेजारी ठेवलेली नळी.) या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात प्रकल्पातला खरा बिघाड होता, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात मला चोवीस तास चुकीच्या वाटेने नेणारी सबब होती. मी सबब निवडली. सबस्ट्रेट, म्हणजे चाचणीत रंग देणारे रसायन, जुने झाले असेल, सकाळी नवे बनवून पुन्हा पाहा, असे सांगून मी फोन ठेवला आणि त्या टाकीतले दूध पहाटे नेहमीप्रमाणे पिशव्यांत भरून बाहेर पडले.

प्रकरण समजण्यासाठी ही चाचणी नेमके काय मोजते, ते आधी पाहावे लागेल. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, मुळातच असते आणि त्यातला बराचसा भाग स्निग्धकणांच्या आवरणाला चिकटलेला असतो. उष्णतेपुढे हे विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचितच अधिक तग धरते. १९३०च्या दशकात इंग्लंडमधील के आणि ग्रॅहॅम यांनी या योगायोगाचा उपयोग करून घेतला : दुधात फॉस्फेटेज जिवंत नसेल तर तापवणे पुरेसे झाले आणि क्षयाचा जंतूही मेला, असे मानता येते. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला काही आठवडे लागतात, तर विकर दोन तासांत उत्तर देते. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७१.५ अंशांना १५ सेकंद हे पाश्चरीकरणाचे प्रमाण आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांतही आहे, आणि अशा दुधाची फॉस्फेटेज चाचणी निगेटिव्ह यावी अशी अटही आहे.

विकर कसे काम करते याची पाठ्यपुस्तकी व्याख्या, म्हणजे सक्रियण ऊर्जा कमी करणारा प्रथिनरूपी उत्प्रेरक, बरोबरच आहे. पण प्रयोगशाळेत तिचा अर्थ डोळ्यांपुढे असावा लागतो. फॉस्फेटेजच्या रेणूत प्रथिनाच्या घड्यांनी तयार झालेली एक खाच असते आणि तिच्या तळाशी झिंकचे दोन आयन, जवळच मॅग्नेशियमचा एक, आणि सेरीन या अमिनो आम्लाचा एक हायड्रॉक्सिल गट अशी मांडणी असते. फॉस्फेट जोडलेला एखादा रेणू त्या खाचेत बसला की झिंकचे आयन फॉस्फेटला धरून ठेवतात, सेरीन त्यावर हल्ला करून फॉस्फेट स्वतःकडे ओढून घेते, उरलेला तुकडा सुटून निघून जातो, आणि मग पाण्याचा रेणू येऊन सेरीनवरचे फॉस्फेट उतरवतो. खाच पुन्हा मोकळी होते आणि पुढचा रेणू आत येतो. विकर यात खर्च होत नाही, म्हणूनच त्याचा अगदी अल्प अंश तासाभरात डोळ्यांना दिसेल इतके काम करून ठेवतो. दूध पुरेसे तापले की प्रथिनाच्या घड्या उलगडतात, खाचेतली मांडणी विस्कटते आणि काम थांबते. प्रथिन दुधातच राहते. नाहीसे होते ते त्याचे कार्य.

म्हणून आपण विकर मोजत नाही, त्याने केलेले काम मोजतो. १९४९ साली ॲशाफेनबर्ग आणि म्युलेन यांनी सुचवलेली पद्धत आमच्याकडे वापरात होती. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट हे रंगहीन सबस्ट्रेट सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात, मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवायचे, त्याचे ५ मिलिलिटर परीक्षानळीत ३७ अंशांना गरम करायचे, त्यात १ मिलिलिटर दूध टाकायचे आणि नळी दोन तास वॉटर बाथमध्ये ठेवायची. फॉस्फेटेज शिल्लक असेल तर ते फॉस्फेट तोडते आणि सुटलेला पॅरा-नायट्रोफिनॉल अल्कधर्मी द्रावणात पिवळा दिसतो. उकळलेल्या दुधाची नळी ब्लँक म्हणून शेजारी असते. कम्पॅरेटरमध्ये रंगीत काचांची चकती फिरवून रंग जुळवला की दुधाच्या दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम पॅरा-नायट्रोफिनॉल सुटला ते वाचता येते. १० किंवा त्याखाली असेल तर दूध पास.

सोमवारी रात्री मी काय चुकलो हे आता सांगता येईल. सबस्ट्रेटचे द्रावण जुने झाले किंवा उन्हात राहिले की ते विकराशिवाय आपोआपही थोडे फुटते आणि पिवळसर होते. ती बाटली चार दिवसांपूर्वीची होती आणि फ्रिजऐवजी खिडकीलगतच्या फळीवर राहिली होती, हे खरेच होते. परंतु कम्पॅरेटरमध्ये ब्लँकची नळी रंगीत काचेच्या मागे ठेवतात ती नेमकी याचसाठी : सबस्ट्रेटचा स्वतःचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखाच येतो आणि तुलनेत रद्द होतो. ब्लँक पिवळा असूनही नमुना त्याहून १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पिवळा दिसत असेल, तर ते अधिकचे पिवळेपण जुन्या बाटलीच्या माथी मारता येत नाही. ही गोष्ट मी प्रशिक्षणार्थ्यांना दर वर्षी शिकवत होतो.

मंगळवारी सकाळी नवे द्रावण बनले, सकाळपाळीच्या टाकीचा नमुना लावला आणि तो स्वच्छ निगेटिव्ह आला. माझी समजूत पक्की झाली. त्याच रात्री नव्याच द्रावणावर, बिनरंगी ब्लँकसह, तीन नंबरच्या टाकीचा नमुना १४च्या काचेशी जुळला. या वेळी टाकी रोखून धरली, पॅकिंग थांबवले, व्यवस्थापनाला रात्रीच कळवले आणि सोमवारच्या रात्रीच्या बॅचमधील विक्रेत्यांकडे उरलेल्या पिशव्या परत मागवल्या. बहुतेक पिशव्या तोवर घरोघरी पोचल्या होत्या. आपल्याकडे दूध तापवूनच घेतात म्हणून त्यातून काही अनर्थ झाला नाही, हे सुदैव. पण ग्राहकाच्या चुलीवर विसंबून पाश्चरायझर चालवता येत नाही.

रोखलेल्या टाकीपुढे उभे राहिल्यावर चार शक्यता दिसत होत्या. दूध पुरेसे तापलेच नाही. तापले, पण नंतर त्यात कच्चे दूध मिसळले. तापून निकामी झालेले फॉस्फेटेज पुन्हा सजीव झाले. किंवा हे फॉस्फेटेज दुधाचे नसून जिवाणूंचे आहे. शेवटच्या दोन शक्यता ऐकणाऱ्याला शोधून काढलेल्या वाटतात, पण दोन्ही वास्तवात घडतात, आणि प्रकल्पाच्या बैठकीत त्यांचा आधार फार लवकर घेतला जातो, कारण त्यांत यंत्राचा आणि माणसाचा दोष नसतो.

जिवाणूजन्य फॉस्फेटेजचा निकाल सर्वांत सोपा होता. काही जिवाणूंचे फॉस्फेटेज उष्णतेला दुधातल्या फॉस्फेटेजपेक्षा खूपच चिवट असते. टाकीतला नमुना प्रयोगशाळेतच ६३ अंशांना ३० मिनिटे धरला, गार केला आणि चाचणी पुन्हा लावली. पिवळेपण पूर्ण गेले. म्हणजे नळीत काम करणारे विकर दुधाचे स्वतःचे होते आणि त्याला पाश्चरीकरणाची उष्णता मुळीच सोसवत नव्हती.

पुनःसक्रियणाचा प्रश्न थोडा नाजूक होता. खूप वरच्या तापमानाला तापवलेल्या दुधात, विशेषतः क्रीममध्ये, साठवणीच्या काळात फॉस्फेटेजच्या काही रेणूंच्या घड्या पुन्हा जुळून येतात आणि मॅग्नेशियम या जुळणीला मदत करते. त्यामुळे नमुन्याचा एक भाग मॅग्नेशियमच्या क्षारासह आणि एक भाग त्याविना ३४ अंशांना तासभर ठेवून, मग मॅग्नेशियमचा भाग कित्येक पट विरळ करून दोन्हींची तुलना करतात. विकर पुनःसक्रिय होणारे असेल तर विरळ केलेला भागही दुसऱ्याची बरोबरी करतो. मुळातच शिल्लक राहिलेले असेल तर विरळ केले तितके ते कमी होते. आमच्या नमुन्यात ते कमीच झाले. तसेही ७४ अंशांच्या दुधात, टाकीत शिरून जेमतेम दोन तास झालेले असताना, पुनःसक्रियणाची अपेक्षा धरणे ओढूनताणूनच झाले असते.

उरल्या दोन शक्यता. तापमानाच्या तक्त्यावरील रेघ पूर्ण रात्रभर ७४ अंशांजवळ सरळ होती, कमी तापलेले दूध मागे फिरवणारा वळण-व्हॉल्व्ह एकदाही उलटला नव्हता, तरीही होल्डिंग ट्यूबमधून, म्हणजे तापलेले दूध ठरावीक सेकंद धरून ठेवणाऱ्या नळीतून, बाहेर पडणारे दूध प्रत्यक्ष तपासणे भाग होते. इथे दुसरी चूक थोडक्यात टळली. ऑपरेटरने होल्डिंग ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या कॉकमधून बाटली भरली आणि ती तशीच गरम बाटली हातरुमालात धरून प्रयोगशाळेत आणली. ७४ अंशांच्या दुधाची बाटली तीन-चार मिनिटे गरमच राहते, आणि फॉस्फेटेजला पुरती संपवायला त्यातले अर्धे मिनिटही पुष्कळ असते. असा नमुना निगेटिव्ह आला असता तर त्यावरून काहीच सिद्ध झाले नसते, कारण उरलीसुरली क्रिया बाटलीतच मेली असती. मग स्टीलची पातळ नळी बर्फाच्या बादलीत वेटोळे करून ठेवली आणि कॉकमधले दूध त्यातून काढून क्षणात गार केले. तो नमुनाही निगेटिव्ह आला आणि आता त्या निगेटिव्हला अर्थ होता. त्याच वेळी चिलरनंतरच्या कॉकमधून घेतलेला नमुना १४ दाखवत होता.

या दोन कॉकांच्या मध्ये दूध स्टीलच्या प्लेटांनी बनलेल्या फक्त दोन विभागांतून जाते : आधी रिजनरेशन, मग चिलिंग. चिलिंग विभागाच्या प्लेटला भोक असेल तर दुधात थंड पाणी मिसळेल, आणि पाण्यात फॉस्फेटेज नसते. रिजनरेशनमध्ये मात्र प्लेटच्या एका अंगाला ७४ अंशांचे पाश्चराइज्ड दूध आणि दुसऱ्या अंगाला ४ अंशांचे कच्चे दूध वाहत असते, कारण तापलेल्या दुधाची उष्णता येणाऱ्या कच्च्या दुधाला देऊन वाफेची बचत करणे हाच त्या विभागाचा हेतू. दोघांमध्ये स्टीलचा मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा असतो.

पण मग सकाळपाळी निगेटिव्ह का? प्लेटला भोक असेल तर ते दिवसाही असते. या मुद्द्यावर मेंटेनन्स विभागाने आक्षेप घेतला आणि तो आक्षेप रास्त होता. प्लेटपॅक उघडणे म्हणजे आठ-दहा तास संकलन अडवणे. मे महिन्यात टँकर गेटवर उभे असताना तेवढ्यासाठी "रंग थोडा जास्त दिसतो" हे कारण पुरेसे ठरत नाही. डोळ्यांनी जुळवलेल्या काचेवरून एवढा निर्णय घेता येणार नव्हता, म्हणून बुधवारी नमुने बर्फात घालून जवळच्या महाविद्यालयाच्या जीवरसायन विभागात नेले.

तिथे एकाच नमुन्याच्या अनेक नळ्या लावून ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना एकेक नळी बाहेर काढली, प्रथिने आणि स्निग्धांश अवक्षेपित करून गाळले, गाळलेला स्वच्छ द्रव पुन्हा अल्कधर्मी केला आणि ४०५ नॅनोमीटरला शोषण, म्हणजे द्रवाने किती प्रकाश शोषला ते, वाचले. वाढलेले आकारमान हिशेबात धरून आणि ब्लँक वजा करून आकडे आले ते अनुक्रमे ०.०७५, ०.१५, ०.२२ आणि ०.३०. आलेखावर ही सरळ रेघ आहे. मुद्दाम बरोबर नेलेल्या खिडकीतल्या जुन्या द्रावणाचा ब्लँक मात्र पहिल्या वाचनाला जेवढा पिवळा होता तेवढाच शेवटच्या वाचनालाही होता. विकराची क्रिया म्हणजे दर एकक काळात घडणारा बदल. एका क्षणी दिसणारा रंग हा त्या बदलाचा पुरावा होऊही शकतो, नाहीही. मला हे सोमवारी रात्री अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा नळी पाहायला सांगून घरबसल्या कळले असते.

रेघ सरळ का, याचेही उत्तर तपासून घेतले. नळीतले सबस्ट्रेट सुमारे ३.४ मिलिमोलर होते आणि दोन तासांत त्यातले हजारात जेमतेम पाच रेणू फुटले होते. सबस्ट्रेट इतके मुबलक असताना त्याच्या घटण्याने वेग मंदावत नाही आणि वेग फक्त विकराच्या प्रमाणावर ठरतो. नमुन्यात तितकेच उकळलेले दूध मिसळून पाहिले तेव्हा उतार बरोबर निम्मा झाला. या दोन कसोट्या पार पडल्याशिवाय क्रियाशीलतेचा आकडा लिहू नये असे माझे मत आहे, मग प्रमाणित पद्धतीत तसे सांगितलेले असो वा नसो.

आकडेमोड साधी आहे. पॅरा-नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक सुमारे १८,००० धरला तर ०.३० म्हणजे १६.७ मायक्रोमोलर, नळीतले आकारमान ६ मिलिलिटर, म्हणजे १ मिलिलिटर दुधाने १२० मिनिटांत ०.१ मायक्रोमोल सबस्ट्रेट फोडले. मिनिटाला एक मायक्रोमोल फोडणारी क्रिया म्हणजे एक युनिट, या हिशेबाने लिटरमागे सुमारे ८३० मिलियुनिट. चाचणीची १० मायक्रोग्रॅमची पास-मर्यादा याच मापात ६०० मिलियुनिटच्या आसपास बसते. युरोपात प्रतिदीप्तीवर (फ्लुओरेसन्सवर) आधारलेल्या पद्धतीसाठी ३५० मिलियुनिटची मर्यादा आहे, पण तिथले सबस्ट्रेट वेगळे असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूक ठरेल. युनिट हा शब्द सारखा असला तरी सबस्ट्रेट, पीएच आणि तापमान सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. मोल प्रति सेकंद मोजणारे कटल हे एकक १९९९ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. त्यानेही ही अडचण सुटलेली नाही आणि डेअरीत ते कुणी वापरतही नाही.

आमच्या दुधापुरती आणखी एक गुंतागुंत होती. दुधात अकार्बनी फॉस्फेट भरपूर असते आणि ते विकराच्या त्याच खाचेत बसून सबस्ट्रेटची जागा अडवते. त्यामुळे दुधात मोजलेली क्रिया शुद्ध बफरमधल्या क्रियेपेक्षा कमी भरते. शिवाय गाईच्या आणि म्हशीच्या दुधात विकराचे प्रमाण सारखे नसते आणि आमचे दूध मिश्र. यावर उपाय म्हणजे पुस्तकातला आकडा न घेता आपले स्वतःचे माप तयार करणे. त्याच रात्रीच्या संकलनातले कच्चे दूध प्रयोगशाळेत नीट पाश्चराइज केलेल्या त्याच दुधात ०.१, ०.२ आणि ०.४ टक्के मिसळून नळ्या लावल्या. १२० मिनिटांची वाचने ०.१०, ०.२१ आणि ०.४२ आली. टाकीतल्या नमुन्याचे ०.३० या रेघेवर ०.२९ टक्क्यांपाशी बसले. पाश्चरायझरची क्षमता तासाला १०,००० लिटर. याचा अर्थ रिजनरेशन विभागात तासाला सुमारे २९ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ अर्धा लिटर कच्चे दूध पाश्चराइज्ड दुधात उतरत होते. "रंग थोडा जास्त दिसतो" याऐवजी हा आकडा बैठकीत ठेवला तेव्हा प्लेटपॅक उघडायला कुणी हरकत घेतली नाही.

सकाळ-रात्रीच्या फरकाचा उलगडा फोरमनने केला. सकाळपाळीचे दूध पॅकिंगसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत चढवले जाते. रात्रीचे दूध जमिनीलगतच्या तीन नंबरच्या टाकीत जाते. वर चढणाऱ्या दुधाचा स्तंभ सात-आठ मीटरचा, म्हणजे पाश्चराइज्ड बाजूवर सुमारे पाऊण बारचा उलटा दाब. तेवढ्यामुळे सकाळी पाश्चराइज्ड बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा वर राहत होता आणि गळती असली तरी ती तापलेल्या दुधाकडून कच्च्याकडे होत होती, जी निरुपद्रवी आहे. रात्री तो दाब नाहीसा झाला की त्याच भोकातून प्रवाह उलटत होता. पाश्चराइज्ड बाजू नेहमी अधिक दाबाखाली ठेवावी हा नियम सर्वांना पाठ होता; त्या बाजूचा गेज कित्येक दिवस शून्याला अडकून होता आणि तो अडकला आहे हेही सर्वांना माहीत होते.

गुरुवारी प्लेटा सुट्या करून एका अंगाला लाल रंगद्रव्य आणि दुसऱ्या अंगाला पांढरे डेव्हलपर, म्हणजे झिरपलेला रंग उठून दाखवणारा लेप, लावले. रिजनरेशनच्या दोन प्लेटांवर, नक्षीच्या वळणांशी, जिथे शेजारच्या प्लेटांचे उंचवटे एकमेकांना टेकतात तिथे, पांढऱ्यावर लाल ठिपके उमटले. सर्वांत मोठा ठिपका मोहरीएवढा होता आणि रंग पुसल्यावर त्याखालचे भोक उजेडासमोर धरूनही सहज दिसत नव्हते. प्लेटा बदलल्या, गेज बदलला, तीन नंबरच्या टाकीच्या वाटेवर दाब राखणारा व्हॉल्व्ह बसवला आणि त्या रात्री चिलरनंतरचा नमुना दोन तासांनी ब्लँकपासून वेगळा ओळखता आला नाही. रोखलेले दूध पुन्हा पाश्चराइज करून तूप आणि पावडरीकडे वळवले.

प्रयोगशाळेत त्यानंतर तीन बदल झाले. सबस्ट्रेटच्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून ती फ्रिजमध्ये राहू लागली, प्रत्येक नळी ६० आणि १२० मिनिटांना अशी दोनदा वाचली जाऊ लागली, आणि आठवड्यातून एकदा ०.२ टक्के कच्चे दूध मिसळलेला नमुना मुद्दाम लावून चाचणी तो पकडते की नाही हे पाहिले जाऊ लागले.

भोक नेमके कधीपासून होते, हे शोधण्यासाठी मी मागच्या तीन महिन्यांची रजिस्टरे काढली. फॉस्फेटेजच्या रकान्यात प्रत्येक पाळीला "निगेटिव्ह" असा एकच शिक्का होता. नळी ब्लँकइतकीच बिनरंगी असेल किंवा ९ मायक्रोग्रॅमपर्यंत चढलेली असेल, दोन्ही वेळा शिक्का तोच पडत होता. एप्रिलमध्ये कधीतरी वाचने हळूहळू वर सरकत गेली असणार, पण ती कुणी आकड्यात लिहिली नव्हती. आता त्या रकान्यात शिक्का चालत नाही; ० असले तरी ० लिहावे लागते.